अवधण

मराठीत ‘अवधण’ असा एक शब्द आहे. शहरांत वाढलेल्या पिढीच्या तोंडून तो जवळजवळ गेला असला, तरी लातूर-नांदेडकडच्या खेड्यांत जुनी माणसे तो अद्याप वापरतात. शेतात अनवाणी चालताना बाभळीचा काटा पायात मोडतो. कामाच्या गर्दीत त्याकडे दुर्लक्ष होते. दुसऱ्या दिवशी पाऊल ठणकू लागते, आणि तिसऱ्या दिवशी जांघेत सुपारीएवढी गाठ हाताला लागते. चालताना ती खुपते, अंगात कणकण येते. ही गाठ म्हणजे अवधण. जखम एका ठिकाणी आणि गाठ हातभर अंतरावर दुसऱ्याच ठिकाणी, यातले नवल आपल्या पूर्वजांच्या ध्यानात आले असले पाहिजे. कारण फोड, पुळी, गळू, करट, केसतूड अशी शब्दांची रेलचेल असतानाही या एका गाठीसाठी भाषेने निराळे नाव राखून ठेवले आहे.

आमचे आजोळ औसा तालुक्यातले. तेथे उन्हाळ्याच्या सुट्टीत काटा मोडणे आणि अवधण येणे हे दोन्ही प्रकार आम्हां मुलांच्या अंगवळणी पडले होते. आजी मोठ्या धीराच्या. त्या गाठ चाचपून पाहत आणि म्हणत, “लेकरा, भिऊ नको. अवधण आलंय म्हंजी अंग जागं हाय. काटा निघू दे, ते आपसूक बसंल.” काटा सुईने निघे, हळद-तेल लागे, आणि चार दिवसांनी गाठ खरोखरच बसे. परंतु याच आजी एका गोष्टीला फार भीत. पायात काटा नाही, हाताला जखम नाही, आणि काखेत वा जांघेत गाठ आली, तर त्यांचा चेहरा उतरे. त्यांच्या बालपणी प्लेगच्या साथीत सगळे गाव ओस टाकून माणसे रानात झोपड्या घालून राहिली होती. घरात उंदीर पडला, की चूल विझवायची, दाराला कडी घालायची आणि निघायचे, असा त्या काळचा रिवाज. ‘उंदीर पडणे’ या दोन साध्या शब्दांत त्या पिढीला केवढे भय भरलेले दिसे, हे आज समजावून सांगणे कठीण आहे.

एकच जागा, एकच आकार. आणि एक गाठ अंग जागे असल्याची खूण, तर दुसरी मृत्यूची. या दोन गाठींत भेद काय, हा प्रश्न आमच्या मनात त्या वेळी आला होता असे आम्ही म्हणणार नाही. तो पुष्कळ उशिरा आला, आणि त्याचे उत्तर शोधताना जे वाचावयास मिळाले, त्याने आम्हांस थक्क केले.

प्रथम गाठीत काय असते ते पाहू. माणसाच्या शरीरात अशा पाचसहाशे ग्रंथी असतात. मान, काख, जांघ, छाती व पोट यांत त्यांचे पुंजके असतात, आणि एरवी त्या घेवड्याच्या दाण्याएवढ्या लहान असल्यामुळे आपणांस त्यांचा पत्ताही नसतो. रक्तवाहिन्यांतून जे पाणी मांसात झिरपते, ते गोळा करून परत रक्तात सोडणाऱ्या बारीक वाहिन्यांचे एक जाळे शरीरभर पसरलेले आहे. त्या वाहिन्यांच्या वाटेवर या ग्रंथी जकातनाक्यासारख्या बसविलेल्या असतात. या पाण्यास मराठीत ‘लस’ म्हणतात. जखमेतून पाझरते तीही लस, आणि दवाखान्यात दंडावर टोचतात तीही लस. दोन निराळ्या वस्तूंना एकच नाव पडले, यामागे देवी टोचण्याच्या काळचा इतिहास आहे; फोडातले पाणी घेऊनच ते टोचणे होत असे. पण शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तरी या दोन लसींची गाठ शेवटी त्या घेवड्याच्या दाण्यातच पडते.

काटा कातडीत शिरतो तेव्हा त्याच्या टोकावर बसून लक्षावधी जंतू आत येतात. कातडीच्या खालीच काही मोठ्या पेशी कायम वस्तीला असतात. आलेल्या जंतूला वेढून गिळणे हे त्यांचे काम. म्हणून त्यांस महाभक्षक पेशी म्हणतात. त्या गिळतात आणि त्याच वेळी आसपासच्या रक्तवाहिन्यांना रासायनिक हाकही देतात. वाहिन्या फुगतात, जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. आपण ज्याला दुखणे म्हणतो, ते बहुतांशी या हाकेचे परिणाम असतात. हाकेसरशी रक्तातील पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात. त्यांतल्या ज्या जातीची संख्या सर्वांत मोठी, तिचे आयुष्य काही तासांचे, फार तर काही दिवसांचे. हाडांच्या मगजातून रोज शंभर अब्जांच्या आसपास अशा पेशी तयार होऊन बाहेर पडतात, जंतू गिळतात आणि मरतात. त्यांच्या मृत देहांचा जो दाट पिवळसर रस होतो, तोच पू. लहानपणी पू म्हणजे घाण असेच आम्ही समजत होतो. अब्जावधी पेशी आपल्यासाठी मेल्याचा तो पुरावा असतो, हे कळल्यापासून त्याकडे पाहण्याची आमची दृष्टी थोडी बदलली, जरी नाक मुरडण्याची सवय गेली नाही.

एवढ्याने काम भागले, तर अवधण येतच नाही. भागले नाही, तर एक तिसरीच पेशी पुढे येते. तिला झाडाच्या फांद्यांसारखे हात असतात. ती जंतूचा तुकडा घेते आणि लसवाहिनीने थेट जांघेतल्या ग्रंथीत जाते. या पेशीचा शोध 1973 मध्ये राल्फ स्टाइनमन यांनी लावला, आणि 2011 मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक जाहीर झाले तेव्हा तीनच दिवसांपूर्वी ते निवर्तले होते. स्वतःच्या कर्करोगावर त्यांनी याच पेशींचे उपचार करून घेतले होते. असो. ती पेशी ग्रंथीत जाते ती कोणाला तरी शोधण्यासाठी. शरीरात लसीका-पेशी कोट्यवधी असल्या, तरी त्यांतील प्रत्येक पेशी एकाच विशिष्ट आकाराची वस्तू ओळखते. त्या काट्यावरच्या त्या जंतूला ओळखणाऱ्या पेशी एवढ्या थोड्या, की शरीरभर हिंडून त्या सापडणे अशक्य.

नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे यांचा तेथील बाजार सर्वत्र प्रसिद्ध आहे. एखादा मनुष्य विशिष्ट खुणांचा घोडा घेऊन गावोगाव हिंडला, तर त्याच खुणांचा घोडा शोधणारे गिऱ्हाईक त्यास जन्मात भेटायचे नाही. माळेगावला मात्र दोघेही येतात आणि भेट होते. ग्रंथी म्हणजे अशी यात्रा आहे. लसीका-पेशी एका ग्रंथीतून दुसरीत अखंड फिरत असतात आणि जंतूचे तुकडे तेथेच आणले जातात. योग्य पेशीची गाठ पडली, की ती दुप्पट, चौपट, हजारपट होऊ लागते. ग्रंथी फुगते ती या गर्दीने. आजींच्या शब्दांत सांगावयाचे तर अंग जागे होते. परंतु या जागे होण्यास वेळ लागतो. पाच-सात दिवस तरी लागतात. पुढे जी भयंकर गोष्ट सांगावयाची आहे, ती सर्व या पाच-सात दिवसांवर अवलंबून आहे. म्हणून वाचकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

पेशी जंतू गिळतात, ही कल्पना प्रथम एका काट्यावरूनच सुचली. 1882 सालच्या डिसेंबरात सिसिली बेटावरील मेसिना गावी इल्या मेचनिकॉव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ राहत होता. घरची मंडळी सर्कस पाहावयास गेली होती. हा एकटाच सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाचे पारदर्शक डिंभ पाहत बसला होता. त्यांच्या अंगात इकडून तिकडे हिंडणाऱ्या पेशी त्यास दिसत होत्या. त्याच्या मनात आले, की या पेशी जर रक्षणासाठी असतील, तर बाहेरची वस्तू आत शिरताच त्या तिच्याभोवती जमल्या पाहिजेत. त्याने बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि एका डिंभाच्या कातडीखाली खुपसले. रात्रभर त्यास झोप आली नाही. सकाळी पाहतो तो काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला. ज्या जीवाला हृदय नाही, रक्तवाहिन्या नाहीत, त्यालाही काटा सलतो आणि तोही काट्याला घेरतो! पायात काटा मोडण्याचा अनुभव जगातील किती माणसांस आला असेल. पण काट्याकडे काट्याच्या बाजूने न पाहता मांसाच्या बाजूने पाहणारा मेचनिकॉव्ह एकच निघाला.

त्या काळी जर्मन पंडितांचे मत असे, की रक्षण करतो तो रक्तातील द्रव, पेशी नव्हेत. हा वाद पंचवीस वर्षे चालला. 1908 चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि द्रवपक्षाचा पॉल एर्लिख यांस वाटून दिले गेले, ही समितीची मोठी सोयीची युक्ती होती. सुदैवाने ती खरीही ठरली. दोन्ही पक्षांतील दुवा आल्मरॉथ राइट याने त्यापूर्वीच दाखविला होता. रक्तातील काही द्रव्ये जंतूला चिकटतात आणि मग भक्षक पेशी त्याला झटकन गिळतात. राइटने त्या द्रव्यांस ज्या ग्रीक शब्दावरून नाव दिले, त्याचा अर्थ शुद्ध मराठीत ‘तोंडी लावणे’ असा होतो. कोरडी भाकरी घशाखाली उतरत नाही, ठेचा असला की उतरते, पेशींचेही तसेच.

येथे थोडे विषयांतर करण्याची परवानगी असावी. या पेशींविषयी लिहिणारे बहुतेक लेखक सैन्याची भाषा वापरतात. शरीर हा किल्ला, त्वचा हा तट, पेशी हे शिपाई, जंतू हा शत्रू. कंधार, उदगीर आणि औसा येथील किल्ले ज्या मुलखात आहेत, तेथील माणसाला ही भाषा गोड वाटणारच. तरीही आमच्या मते ती अपुरी आहे. शिपाई लढाई नसली तर निकामी असतो. महाभक्षक पेशी शांततेच्या काळात जेवढे काम करतात, त्यापुढे युद्धातले काम थोडके आहे. मेलेल्या पेशी उचलणे, जुने रक्त मोडीत काढणे, जखम भरून आणणे, ही त्यांची नित्याची कामे. त्यांची खरी तुलना गावगाड्यातील जागल्याशी करता येईल. रात्री गस्त घालावी, परका कोण आणि आपला कोण हे ओळखावे, आणि सकाळी मेलेले ढोर ओढून न्यावे, ही दोन्ही कामे जुन्या गावाने एकाच लोकांवर लादली होती. आणि ज्यांच्या जिवावर गाव निरोगी राहिले, त्यांनाच त्याने वेशीबाहेर ठेवले. शरीर हा अन्याय करीत नाही. त्यात या पेशींना हृदयात, यकृतात, मेंदूतही घर आहे.

आणखी एक जुना शब्द येथे आठवतो, तो म्हणजे ‘पानथरी’. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेकडील किनवट-माहूरच्या जंगलपट्टीत हिवतापाचा त्रास जुना. तापाने जर्जर झालेल्या पोराच्या डाव्या बरगडीखाली हात घातला की कठीण लागते. त्याची ‘पानथरी वाढली’ असे म्हणत. पानथरी म्हणजे प्लीहा. रक्त गाळणारी ही शरीरातील सर्वांत मोठी ग्रंथी होय. हिवतापाचे जंतू तांबड्या पेशींत लपतात. पानथरीतील भक्षक पेशी अशा बिघडलेल्या पेशी टिपून गिळतात आणि त्या श्रमाने ती वाढते. गावात किती मुलांच्या पानथऱ्या वाढल्या आहेत, हे हाताने चाचपून त्यावरून त्या मुलखातील हिवतापाचे मान ठरविण्याची रीत सरकारी डॉक्टरांत पुष्कळ वर्षे होती. अवधण आणि पानथरी हे दोन शब्द ज्या भाषेत आहेत, तिला पेशींची विद्या अगदीच परकी नाही. अलीकडे मात्र गल्लोगल्ली ‘पेशी कमी झाल्या’ हे वाक्य ऐकू येते, ते डेंग्यूच्या तापात रक्त गोठविणाऱ्या बारीक बिंबिकांना उद्देशून असते. पांढऱ्या पेशींचा त्यात फारसा संबंध नसतो. तसेच ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणून काढे आणि चूर्णे विकणाऱ्यांचे 2020 च्या साथीपासून चांगलेच फावले आहे. ही शक्ती नुसती वाढवून भागत नाही. ती आपल्याच सांध्यांवर, आपल्याच मज्जातंतूंवर उलटू नये म्हणून तिला आवरून धरणाऱ्या पेशी निसर्गाने मुद्दाम ठेवल्या आहेत. त्यांच्या शोधाबद्दल शिमोन साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांस 2025 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आवरणाऱ्याला पारितोषिक मिळण्यास मारणाऱ्यापेक्षा शंभर-सव्वाशे वर्षे अधिक लागली.

आता त्या दुसऱ्या गाठीकडे वळू. ओडेसा येथे मेचनिकॉव्हच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी पुढे पॅरिसला पाश्चर संस्थेत त्याच्या मागोमाग गेला. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन. पटकीची लस त्याने 1892 मध्ये प्रथम स्वतःस टोचून घेतली आणि 1893 मध्ये तो हिंदुस्थानात आला. 1896 साली मुंबईत प्लेग उद्भवला, तेव्हा सरकारने त्यास तेथे पाठविले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहान जागेत त्याने जंतू वाढविण्यास प्रारंभ केला. गोमांस वा डुकराचे मांस यांचा स्पर्श लोकांस चालणार नाही, म्हणून त्याने बोकडाच्या मांसाचा रस वापरला आणि त्यावर तूप तरंगत ठेवले. तुपाच्या थेंबाखाली प्लेगचे जंतू गुहेतील चुनखडीच्या लोंबत्या खांबांसारखे वाढत. भांडे हलविले की ते खाली पडत आणि नवे वाढू लागत. असे पीक पुरेसे आले, की ते तापवून मारावयाचे आणि टोचावयाचे. आमच्या घरातल्या तुपाचा असाही उपयोग झाला, हे वाचून आम्हांस मोठी मौज वाटली. 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिनने ही लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, दुखले, आणि तो कामावर गेला. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांना ती टोचण्यात आली.

त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, 10 मार्च 1897 रोजी, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचा त्याच रोगाने अंत झाला. मुंढव्याहून एका आजारी मुलास पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या होत्या. मुंबईच्या त्या तुपाळ भांड्यांत जे तयार होत होते, ते तोवर त्यांच्यापर्यंत पोचले नव्हते. हे दोन दिनांक शेजारी ठेवून वाचले म्हणजे मन अस्वस्थ होते.

प्लेग मुंबई-पुण्यास थांबला नाही. उंदीर आणि पिसवा धान्याच्या पोत्यांबरोबर प्रवास करतात, आणि तो काळ नेमका लोहमार्ग पसरण्याचा होता. मनमाडहून नांदेडवरून हैदराबादकडे जाणारी गाडी 1900 च्या सुमारास सुरू झाली; बार्शीची अरुंद गाडी 1911 मध्ये लातुरास पोचली. निजामी राज्यातील या बाजारपेठांना त्या गाड्यांनी पैसा दिला, आणि दुखणीही दिली. पिसूच रोग नेते, हे पॉल-लुई सिमों याने कराचीस 1898 मध्ये दाखविले होते. पण पुष्कळ वर्षे ते कोणी मनावर घेतले नाही.

जंतू सामान्य असता तर पिसूच्या चाव्याचे एवढे भय नव्हते. काट्यावरच्या जंतूप्रमाणे तोही गिळला गेला असता. परंतु प्लेगचा जंतू दोन वेशांत वावरतो. पिसूच्या थंड पोटात तो उघडा असतो. माणसाच्या अंगात शिरताच पांढऱ्या पेशी त्यांतील पुष्कळांस खाऊन टाकतात. काही थोडे मात्र महाभक्षक पेशींच्या पोटात जातात आणि तेथे मरत नाहीत. माणसाच्या अंगाची 37 अंशांची ऊब लागली, की ते आपल्याभोवती एक निसरडे कवच विणतात. त्यांच्या बाह्य आवरणातील स्निग्ध द्रव्यही बदलते, त्यामुळे ज्या खुणेवरून पेशी परका ओळखतात ती खूणच पुसली जाते. मग ती पेशी फोडून ते बाहेर येतात ते कवच घालून. त्यानंतर जी भक्षक पेशी जवळ येईल, तिच्या अंगात सुईसारख्या नळीने ते विष सोडतात; तिचे हातपाय लुळे पडतात, गिळण्याची हाकही तिला देता येत नाही. जागल्याच फितवून त्याच्याच घोंगडीखाली चोर गावात शिरावा, तसा हा प्रकार. त्याच वाटेने जंतू जांघेतल्या ग्रंथीत पोचतात. तेथे यात्रा भरावी, ओळखणाऱ्या पेशींची गाठ पडावी, त्या वाढाव्यात, तोच सर्व मैदान जंतूंनी भरून जाते. अवधणाची गाठ पेशींच्या गर्दीने फुगते. प्लेगची गाठ जंतूंनी, रक्ताने आणि कुजक्या मांसाने फुगते. शरीराला पाच-सात दिवस हवे असतात. जंतू तेवढे देत नाही. उपचार न झालेल्या प्लेगात निम्म्याहून अधिक रोगी जातात, आणि पुष्कळ जण आठवड्याच्या आतच जातात.

हाफकिनच्या लशीची किमया एवढीच, की हे पाच-सात दिवस ती रोगाच्या आधीच खर्ची घालते. मेलेला जंतू पेशींना दाखविला, की ओळख होते, यात्रा भरते, पांगते, आणि काही ओळखणाऱ्या पेशी मागे राहतात. ती लस परिपूर्ण नव्हती. टोचून घेतलेल्यांत रोगाचे प्रमाण निम्म्यावर येई, तापाने माणूस दोन दिवस आडवा होई, आणि तिची सत्ता वर्षभरही धड टिकत नसे. 1902 मध्ये पंजाबातील मलकोवाल गावी टोचलेल्या 19 जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला आणि दोष हाफकिनवर आला. तो 1907 मध्ये निर्दोष ठरला, तोवर त्याचे मन विटले होते. परळच्या त्याच्या प्रयोगशाळेला 1925 मध्ये त्याचे नाव दिले गेले.

हे सर्व जुने झाले, असे पुष्कळ दिवस आम्हांसही वाटत होते. 1966 नंतर हिंदुस्थानात प्लेगचा खात्रीचा रोगी सापडला नव्हता. मग 1993 सालची अनंत चतुर्दशी आली. 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, गणपती बोळवून थकून झोपलेल्या माणसांवर किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांतील दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे कोसळली. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. ज्या माळवदाने उन्हाळ्यात गारवा दिला, त्यानेच जीव घेतला. पुढे बावन्न गावे उठवून नव्या जागी वसविण्यात आली. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आम्ही त्यात भर घालीत नाही.

ज्याविषयी कमी लिहिले गेले, ती गोष्ट धान्याची. भूकंपाची धास्ती केवळ दोन जिल्ह्यांपुरती राहिली नाही. दूरवरच्या गावांतही भिंतींना तडे गेले आणि लोक घरात निजण्यास धजेनात. माणसे पत्र्याच्या निवाऱ्यांत गेली. ज्वारी मात्र जुन्या घरांतील कणग्यांत राहिली, कारण ती ठेवण्यास दुसरी जागा नव्हती. माणूस नाही, मांजर नाही, चूल नाही, आणि कणगी भरलेली! उंदरांना आणखी काय हवे? बीड जिल्ह्यातील मामला या लहानशा गावी 1994 च्या ऑगस्टात पिसवांचा उपद्रव झाला, उंदीर पडले, आणि लोकांच्या जांघांत गाठी येऊ लागल्या. महिनाअखेरीस प्लेगचे निदान पुढे आले. भूकंपाने ओस पडलेली घरे आणि त्यांतील धान्य यांमुळे उंदीर वाढले, रानातील उंदीर आणि घरचे उंदीर यांची सरमिसळ झाली आणि रोग माणसापर्यंत आला, अशी उपपत्ती तेव्हा मांडली गेली. आजींच्या पिढीत उंदीर पडला म्हणजे लोक घर सोडीत. येथे लोकांनी घर आधी सोडले आणि उंदीर नंतर पडले.

सप्टेंबरात सुरतेस फुप्फुसाचा प्लेग उठला. तेथे पन्नासांहून अधिक माणसे दगावली आणि लक्षावधी लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून पळाले. वर्तमानपत्रांनी मामल्याचे नाव जगभर नेले. हा प्लेग नव्हेच, असेही म्हणणारे विद्वान निघाले. वाद काही वर्षे चालला. त्या साथीतील नमुन्यांतून मिळालेल्या जंतूंची आनुवंशिक तपासणी 2000 मध्ये प्रसिद्ध झाली, तीत ते प्लेगचेच ठरले. आमच्या मुलखातील लोक गलिच्छ, म्हणून हा रोग आला, असे मुंबईच्या एका सुशिक्षित गृहस्थाने आम्हांस तोंडावर सांगितले होते. भिंत पडेल म्हणून अंगणात निजणाऱ्या आणि वर्षाचे धान्य टाकून देणे परवडत नाही म्हणून ते घरात ठेवणाऱ्या माणसांचा यात गलिच्छपणा कोणता, हे त्यांस समजावून देण्यात आमची एक सबंध संध्याकाळ गेली, आणि ती उपयोगी पडली असे वाटले नाही.

मामल्यात घरोघर कीटकनाशकाची फवारणी झाली आणि टेट्रासायक्लिनच्या गोळ्या वाटण्यात आल्या. लस टोचण्यास अवधी नव्हता. गावात रोग आल्यावर पेशींची ओळख करून देण्यात अर्थ नसतो. या गोळीविषयी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ती जंतूला ठार करीत नाही. त्याची वाढ तेवढी थोपवून धरते. कवच घातलेले जंतू होते तेवढेच राहतात, दुणावत नाहीत. मग जांघेतल्या त्या सुजलेल्या ग्रंथीत हळूहळू ओळखणाऱ्या पेशी जमतात, वाढतात, तोंडी लावावयाची द्रव्ये तयार करतात, आणि उरलेल्या भक्षक पेशी एकेक जंतू गिळीत जातात. गोळीने मिळवून दिलेले असतात ते पाच-सात दिवस. त्या दिवसांत ताप उतरतो आणि गाठ बसू लागते.